रिकाम्या गोदामातली खंडेनवमी

नव्वदच्या दशकात नगरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी खरेदी, गोदाम आणि माल रवाना करणं ही तिन्ही कामं एकटी बघायचे. "बाई आणि खरेदीला?" असं पत्र्याचे व्यापारी फोनवर हसून विचारायचे. एकदा घासाघीस सुरू झाली की त्यांचं हसू आपोआप थांबायचं. आमचा मुख्य माल म्हणजे स्कूटरचा सायलेन्सर जागेवर धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी. दिसायला अगदीच क्षुल्लक, पण ती नसली तर स्कूटर कारखान्याबाहेर पडणार नाही. ती पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीला जायची आणि त्या एका गिऱ्हाइकावर आमची सगळ्यांची चूल पेटायची.

त्या वर्षी त्या कंपनीत नवं वारं शिरलं. त्यांचे एक अधिकारी आमच्याकडे येऊन चहा पीत समजावून गेले, की गोदामात माल पडून राहणं हा एक आजार आहे. यापुढे आम्ही साठा ठेवणार नाही, रोज लागेल तेवढाच माल रोज आणायचा, तोही ठरलेल्या वेळेला. तुमच्यामुळे आमची स्कूटर जोडणीची लाइन थांबली, तर काम दुसऱ्याला देऊ. हे शेवटचं वाक्यही ते हसतच बोलले. माझं डोकंच फिरलं. वीज जाते ती आमची, मुंबईहून येणारा पत्रा घाटात अडकतो तो आमचा, शिरूरच्या पुढे वाहनांची रांग लागते तिथे उभा असतो तो आमचा टेम्पो. आणि रिकाम्या गोदामाचं कौतुक मात्र यांचं!

आमच्या साहेबांना मात्र हा विचार इतका पटला, की त्यांनी आमचंही गोदाम रिकामं करायला काढलं. जुन्या लाकडी पेट्या, उरलेला पत्रा, कधीकाळी लागेल म्हणून ठेवलेलं सगळं भंगारात गेलं. गोदाम असं मोकळं झालं, की आत कुणी शिंकलं तरी आवाज घुमायचा.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे मशिनं बंद असत. हातोडे, कानशी, पाने, मापं घ्यायची साधनं, सगळं घासूनपुसून पूजेला मांडायचं आणि मग दसऱ्यापर्यंत त्यातलं काहीही उचलायचं नाही, हा नियम. पुण्याची लाइन मात्र चालू राहणार होती. म्हणून मी आदल्या दिवशीच माल तयार करून खोक्यांत भरून घेतला होता. सकाळी टेम्पो आला की खोकी चढवायची आणि दुपारी पाळी बदलायच्या आत माल तिथे पोचवायचा. सगळा बेत माझा होता आणि त्या रात्री मी स्वतःवर खूश होऊन झोपले.

सकाळी गेले तेव्हा पूजा होऊन गेली होती. उदबत्तीचा वास दारापर्यंत येत होता. गोदामात पोरांनी काय सुरेख मांडणी केली होती! उंच ओटा, त्यावर फळी, तिच्यावर लाल कापड, झेंडूच्या माळा, चकचकीत हत्यारं, मधे कलश आणि तेवणारी समई. मी हात जोडले. मग कापडाच्या खालून डोकावणारा खोक्याचा कोपरा दिसला.

दरवर्षी ओटा जुन्या पेट्यांचा करायचे. त्या भंगारात गेलेल्या. आता रिकाम्या गोदामात रचण्याजोगी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे माझा पुण्याला जाणारा माल.

"हे काढा! आत्ताच्या आत्ता काढा," मी ओरडले.

कुणी जागचं हललं नाही. सगळे मामांकडे बघत होते. मामा म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवरचे आमचे सगळ्यांत जुने कामगार, मूळचे पाथर्डीकडचे. ते शांतपणे म्हणाले, "ताई, पूजा मांडली. आता उद्यापतुर न्हाई हलवायची."

"आणि लाइन थांबली म्हणजे?"

"ते मला कळतंय. पर हत्यार न्हाई उचलायचं."

त्यांनी डावा हात पुढे केला. तर्जनी अर्धीच होती. पूर्वीच्या कारखान्यात खंडेनवमीला मालकाने प्रेस चालवायला लावली होती, त्या दिवशी गेली. हे मला ठाऊक होतं. मामा आडमुठेपणा करत नव्हते, त्यांना भीती वाटत होती, आणि रोज प्रेसखाली हात घालणाऱ्या माणसाच्या भीतीला मी खुर्चीवर बसून काय उत्तर देणार? तरी राग काही आवरेना. साहेब एकदा घड्याळाकडे बघत, एकदा समईकडे आणि मग माझ्याकडे, जणू दोन्ही मीच लावून ठेवलंय.

एवढ्यात टेम्पोवाले चाचा आत आले. टेम्पो धुऊन, पुढे झेंडूची माळ बांधून ते केव्हाचे तयार होते. सगळा प्रकार ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मी म्हणाले, "मामा, हत्यारं नका उचलू. अख्खी फळीच उचलू या. वरचं काही हलणार नाही. खालची खोकी काढू आणि तिथे माझं टेबल सरकवू."

तेव्हा चाचा म्हणाले, "अहो मामा, मोहरमच्या मिरवणुकीत सवारी आपण दोघं मिळूनच खांद्यावर घेतो ना? उचलली म्हणून मोडली, असं कुणी म्हणतं का?"

मामांनी समईकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय. ते बी खरंच हाय. पर दिवा इझला न्हाई पायजे."

ऑफिसातलं टेबल आणलं. त्यावरचा फोन तारेसकट जमिनीवर ठेवला. फळीच्या चारी बाजूंनी माणसं उभी राहिली. चाचांनीही एक कोपरा धरला. मामांनी "हं" म्हटलं आणि फळी वर आली. एक कानस घरंगळल्यासारखी झाली, पण ती कलशाला टेकून थांबली. साहेब स्वतः गुडघ्यांवर बसून खोकी ओढत होते, त्यांच्या नव्या पँटीला कुंकू लागलं. समईची ज्योत आडवी झाली, पुन्हा उभी राहिली. टेबल आत सरकलं. फळी टेकली तेव्हा सगळे एकदमच बोलायला लागले, कोण काय बोलतंय ते कुणालाच कळत नव्हतं.

टेम्पो निघाला, पण चांगलाच उशिरा. आता चाचांचा फोन येईपर्यंत वाट बघणं एवढंच हाती होतं. मी फोनशेजारी जमिनीवरच बसले. पुढ्यातला प्रसादाचा शिरा तसाच गार झाला. शिरूरचा पूल, वाघोलीची गर्दी, एकेक ठिकाण मनात ओलांडत होते. पोरं घरी गेली. मामा मात्र समईत तेल घालत पूजेपाशी बसून राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. रुसलेत, असं मला वाटलं.

चारच्या सुमाराला फोन वाजला. "ताई, पोचला! शेवटचं खोकं त्यांचं संपत होतं, तेवढ्यात आपली उतरवली. लाइन चालूच राहिली," चाचा एसटीडी बूथवरून इतक्या मोठ्याने ओरडले, की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

डोळे पुसत मी गोदामात गेले. "मामा, पोचला माल."

ते भिंतीला हात लावून उठले. चेहरा घामाने डबडबला होता.

"सकाळधरनं देवीला तेच मागत हुतो ताई," ते म्हणाले. "बोटाचं न्हाई. टेम्पोचं."