आबांच्या कमरेला बांधलेली दोरी

आई गेली आणि आबांनी बोलणं जवळजवळ टाकूनच दिलं. उचगावच्या घरात ते एकटेच राहायचे. मी मंगळवार पेठेतून, शाळेतलं शिकवणं संपल्यावर, स्कूटरवर डबा घेऊन जायची, तर ते खाटेवर बसलेले, समोर टीव्ही बंद. "जेवला का?" "व्हय." "गोळ्या?" "व्हय." यापलीकडे काही नाही. आयुष्य फौंड्रीत गेलेला माणूस, भट्टीच्या आवाजामुळे नेहमी मोठ्यानं बोलायची सवय, आणि आता घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

त्यामुळं एके दिवशी त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरून "ही होडी बघ की" म्हटलं, तेव्हा मी होडीपेक्षा त्यांच्या तोंडाकडंच बघत राहिले. प्लास्टिकची लांबट कयाक होती. वर बसायचं, हातात वल्हं, मागं रॉड अडकवायला भोकं. कुणीतरी परदेशी माणूस तिच्यात बसून मासे धरत होता. आबा लहानपणी नदीवर गळ टाकायचे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आम्ही दोन कयाक घेतल्या. एक त्यांना, एक मला, कारण त्यांना एकट्याला पाण्यात सोडायची माझी हिंमत नव्हती. मी सुट्टीच्या दिवशी रंकाळ्याजवळच्या जलतरण तलावात पोहायला शिकलेली, आबा विहिरीत. मी दोघांसाठी लाइफ जॅकेट आणली. जॅकेटला शिट्टी होती. ती वाजवून बघत आबा म्हणाले, "मी काय ट्रॅफिक पोलीस हाय?" पण जॅकेट घालायचे. सामान बांधायची त्यांची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. रॉडला दोरी, वल्ह्याला दोरी, पक्कडसुद्धा दोरीनं बांधलेली. सगळ्यांची टोकं कयाकच्या कड्यांना. पहिल्याच फेरीत त्यांचा एक रॉड पाण्यात गेला होता आणि तो त्यांच्या मनाला फार लागला होता.

मलकापूरच्या पुढं कडवी नदीवर एक जागा आम्हाला आवडायची. दोन्ही बाजूंना ऊस, मधे संथ पाणी, मरळ आणि वाम मिळायची. दिवाळी होऊन गेली होती, ऊसतोड सुरू होती. त्या दिवशी सकाळी गाडीच्या टपावरून कयाक उतरवताना आबांच्या कयाकची मागची कडी उपटून हातात आली. स्क्रूसकट. नेमकी तीच, जिला गळाचा बॉक्स बांधलेला असायचा. बॉक्स म्हणजे आबांचं सगळं भांडवल होतं. गळ, शिशाचे गोळे, आमिष, चाकू, सगळं त्यात.

"राहू दे आबा, बॉक्स माझ्याकडं ठेवू."

"तुला मागं वळून द्यायला जमणार हाय का? गप बस."

वल्हवायला लागल्यावर मी बघितलं तर बॉक्सची दोरी त्यांनी जॅकेटच्या पट्ट्यात ओवून कमरेपाशी गाठ मारली होती.

"आबा, अंगाला काही बांधू नका. कुठं अडकलं तर?"

"काय अडकतंय हितं? तळ दिसतोय."

तळ खरंच दिसत होता. ऊन छान पडलं होतं. आबांनी एक वाम धरली, मोठ्यानं हसले, आणि ते हसणं ऐकून मी दोरीचा विषय सोडून दिला.

वरच्या धरणातून पाणी सोडलं असणार. आधी कडेचे दगड दिसेनासे झाले, मग पाण्याचा रंग बदलला. मी म्हटलं, चला काठाला लागू. ते म्हणाले, चल. मी पुढं होते. वळणावर एक वाळुंजाचं झाड पाण्यात आडवं पडलेलं होतं, मूळ काठावर आणि फांद्या प्रवाहात. सकाळी आम्ही त्याला सहज वळसा घालून आलो होतो. आता पाणी त्याच्या फांद्यांतून आवाज करत घुसत होतं. मी जोर लावून बाजूनं निघाले. मागं "ए, ए" असं ऐकू आलं.

वळून बघितलं तर आबांची कयाक आडवी होऊन फांद्यांना टेकली होती. वरच्या अंगाची कड पाण्याखाली गेली आणि ती एका क्षणात उलटली. कयाक माझ्या बाजूनं वाहत आली, रॉड, वल्हं सगळं तिला बांधलेलं, सगळं शाबूत. फक्त आबा नव्हते.

मग त्यांचं डोकं दिसलं. फांदीच्या पलीकडं. बॉक्स फांद्यांतून निसटून अलीकडं आला होता आणि दोरीच्या टोकाला मासा ओढावा तसा ओढत होता. मधे फांदी. दोरी आबांना कमरेतून खाली खेचत होती, जॅकेट वर उचलत होतं, आणि पाणी पाठीवर आदळत होतं. हनुवटी तेवढी पाण्याच्या वर.

काठाजवळ पाणी मंद होतं. तिथून मी वल्हवत परत वर गेले, बुंध्याला लागले आणि कयाकमधून त्यावर चढले. कयाक बांधायला थांबले नाही. ती गेली, आणि तिच्यासोबत पिशवीत ठेवलेला मोबाईल. मी बुंध्यावर पोटावर सरपटत आबांपर्यंत पोचले आणि त्यांच्या जॅकेटचा खांद्यावरचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

"गाठ सोडा आबा! गाठ!"

"सुटंना."

"पट्ट्याचा लॉक काढा!"

ते पाण्याखाली हात घालत होते. लॉकवर दोरीचा ताण आला होता, तो दबतच नव्हता. मी एक हात खाली घालून बघितला तर नायलॉनची गाठ दगडासारखी झालेली. दातानं सोडवावं म्हटलं तर ती पाण्यात खोल. चाकू बॉक्समध्ये होता, आणि बॉक्स माझ्या हातापासून लांब त्या पाण्यात वरखाली उडत होता.

मी शिट्टी वाजवायला लागले. काठावरच्या उसात ट्रॅक्टर उभा होता. त्याच्यावर गाणी लावलेली, एवढ्या मोठ्यानं की पानं हलावीत. तोडणाऱ्या बायका मला दिसत होत्या, त्यांच्या पाठी माझ्याकडं. मी श्वास संपेपर्यंत शिट्टी फुंकायची, मग ओरडायची, मग परत शिट्टी. कुणी वळेना. पाणी अजून वाढत होतं. आबांच्या ओठांवरून पाणी जायला लागलं. मी पट्टा ओढून त्यांना वर करायची, ते एक श्वास घ्यायचे, माझे हात सैल पडायचे, ते परत खाली. माझ्या बोटांना पट्टा जाणवेनासा झाला होता. मी देवाचं नाव घेतलं, आईचं नाव घेतलं, त्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या दिल्या.

तेव्हा आबा म्हणाले, "सोड मला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"सोड. तू जा काठाला. दोघं कशाला?"

"गप बसा!"

"पोरी, ऐक की माझं." आवाज अगदी शांत होता. तीच शांतता, जी मी खाटेवर बसलेल्या माणसात वर्षभर बघितली होती. पाण्यापेक्षा मला त्याचीच भीती वाटली. एका बाजूनं नदी ओढतेय, आणि दुसऱ्या बाजूनं हे स्वतःच निघालेत, असं वाटून मी रडत रडत शिट्टी फुंकत राहिले.

एक गाणं संपलं. दुसरं सुरू होण्याआधी जेवढी जागा असते, तेवढ्यात शिट्टी पोचली. एक बाई वळली. तिनं मोळी टाकली आणि किंचाळली. माणसं धावत आली. तिचा नवरा कोयता घेऊन तसाच बुंध्यावर चढायला लागला, तर तिनं त्याला कमरेला धरून मागं ओढलं. "बांधून जा! आधी बांध!" ट्रॉलीचा दोर त्याच्या काखेखालून बांधला, दोर चौघांनी काठावर धरला, मग तो आला.

"बाई, पट्टा सोडू नको. मी तोडलं की म्हातारा खाली जाणार. सोडू नको."

त्यानं पाण्यात हात घालून दोरी चाचपली, आबांच्या अंगापासून लांब, फांदीजवळ, आणि कोयत्यानं दोन घाव घातले. दोरी तुटली. आबांचं सगळं वजन माझ्या हातात आलं आणि ते फांदीखाली जायला लागले. त्या माणसानं त्यांची दुसरी बाजू धरली. काठावरच्यांनी दोर ओढला. आम्ही तिघं चिखलात येऊन पडलो.

आबा बराच वेळ पाणी ओकत होते. त्यांचा उजवा खांदा निखळला होता. ज्या बाईनं शिट्टी ऐकली, तिनं आपल्या डोक्याचं फडकं सोडून त्यांचं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "आता रडू नको. हाय की जिता." ट्रॅक्टरवाल्यानंच आम्हाला मलकापूरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत त्यानं गाणी लावली नाहीत.

पुढचे काही आठवडे आबा माझ्याकडं मंगळवार पेठेत होते. हात गळ्यात बांधलेला. मी त्यांना भरवायची आणि मनात एकच प्रश्न घोळायचा. तो विचारायची भीती वाटायची, कारण उत्तर काय येईल ते मला माहीत होतं. शेवटी एका दुपारी विचारलं.

"आबा, सोड म्हणाला ते माझ्यासाठी, का तुमच्यासाठी?"



"दोन्ही," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? वाटलं, बरंच हाय. तुझ्या आईकडं चाललोय."



"मग?"

"मग नाकातोंडात पाणी गेलं. लई वंगाळ असतंय ते. छाती फुटती. तवा कळलं, मला न्हाय जायाचं. पण तवर तुला सोड म्हणून बसलोतो. आता कुठल्या तोंडानं म्हणू, धर म्हणून?"

मी ताट खाली ठेवलं. मला त्यांच्यावर प्रचंड राग आला होता आणि काय करावं कळत नव्हतं. मी त्यांच्या चांगल्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडले, पेठेतल्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. आबांनी मला गप केलं नाही.

उजवा हात आता डोक्याच्या वर जात नाही. त्यांची कयाक नदीत पुढं खाली एका शेतकऱ्याला सापडली, माझी सापडली नाही. ते उचगावला परत गेलेत. मी रोज जाते. परवा गेले तर विचारत होते, "त्या तोडीवाल्या बाईचं गाव कुठलं गं? तू इचारलंस का न्हाय?" मी विचारलं नव्हतं. ते लोक तिकडचा ऊस संपवून कुठल्या कारखान्याकडं गेले, ते कुणाला सांगता आलं नाही. आबांनी ट्रॅक्टरवाल्याचा नंबर मागून घेतलाय. जेवण झालं की ते त्याला फोन लावतात. तो उचलत नाही, गाणी चालू असणार. हे परत लावतात.