झाकण लावलं म्हणजे बंद नाई

"मंग लॅपटॉपची चार्जिंग का उंदरायनं खाल्ली काय, काकी?"

"मले काय मालूम? मी हात लावला, पण उघडला नाई."

"हात लावला नं? पाहा, आपल्या तोंडानंच बोलली!" धनसिंग ओट्यावर बसलेल्या लोकांकडे वळला. "पूजेतलं यंत्र. त्याले हात लावाचं कामच काय होतं?"

"गरम लागून राह्यलं होतं रे. कापसाच्या ढिगाले टेकून ठेवलं होतं तू. म्हणून जराक इकडे सरकवलं."

"बंद लॅपटॉप गरम होते काय व? उघडला म्हणून गरम झाला. तुले देवीलालचं तोंड पाहाचं होतं, सांग नं सरळ! सणाचं पोराले पाहावं वाटलं, बटन दाबलं, पाहात बसली. इकडे लोकायची नोंदणी बोंबलली."

सुखीबाईच्या हातात पाण्याचा तांब्या होता. धनसिंगच्या ओट्यावर कामासाठी येणाऱ्या माणसांना पाणी द्यायचं काम तिचंच. कोणी नेमलं नव्हतं, तिनंच धरलं होतं. तिनं तांब्यातलं पाणी तुळशीपाशी ओतलं, तांब्या माठावर पालथा घातला आणि पदर सावरत शेजारच्या आपल्या घरात गेली. ओट्यावरचे लोक तिच्या पाठीकडे पाहत राहिले. मग भावसिंग म्हणाला, "जाऊ दे बावा, बुढी मानूस हाय," आणि त्या एका वाक्यानं म्हातारी चोर ठरून गेली.

धनसिंग आडे हा आर्णीकडच्या एका तांड्यातला माणूस. नाकापेक्षा मिशी मोठी आणि मिशीपेक्षा बोलणं मोठं. बोंडअळीनं सलग काही वर्षं कापूस पोखरला तेव्हा त्यानं अर्धं वावर बटईनं, वाट्यानं कसायला दिलं आणि लॅपटॉप घेतला. तांड्यात लोक हसले. "धनसिंग आता डबड्यावर कापूस पेरते," म्हणाले. पण पुढं सातबारा असो, पीकविमा असो का कोणाचा दाखला, जो तो त्याच्याच ओट्यावर येऊ लागला. मोबाईलच्या नेटवर लॅपटॉप चाले आणि धनसिंग त्याच्यापुढं असा बसे की जसा तहसीलदार मांडी घालून बसला.

आता तर दिवसच तसे आले होते. व्यापारी कापसाला मातीचा भाव बोलत होते. सरकारी केंद्रावर माल घालायचा तर आधी नोंदणी पाहिजे, आणि नोंदणीची मुदत संपत आलेली. सीतादहीची पूजा होऊन पहिली वेचणी झाली होती, घराघरात कापूस येऊन पडला होता. लोक त्याच्यावरच बसत, त्याच्यावरच निजत, पण विकत नव्हते. त्यात तांड्याची डीपी जळून पडली. लाइन नाही. धनसिंग आर्णीहून लॅपटॉप चार्ज करून आणी आणि तेवढ्यात दिवसाचं काम ओढी. म्हणून बॅटरी म्हणजे विहिरीतलं उन्हाळी पाणी. हिशोबानं उपसायची.

हे तो लोकांनाही शिकवी. कोणी मोबाईलवर कुरकुरला की त्याचं व्याख्यान सुरू.

"पाहा, स्लीप म्हणजे कसं, बैल उभ्याउभ्या डुलक्या घेऊन राह्यला. जू मानेवर, रवंथ चालू. हाक मारली का चालला. पण रवंथाले वैरण लागते का नाई? लागते. हायबरनेट म्हणजे बैल सोडून गोठ्यात बसवला, पण वखर कोणत्या तासात, कोणत्या ओळीत सोडला थे पक्कं ध्यानात ठेवलं. उठाले उशीर लावते, पण उठला का बरोबर त्याच तासावर येऊन उभा. अन् शटडाऊन म्हणजे जू काढलं, दोर काढला, काम सरलं. उद्या नव्यानं जुपा."

"मंग शटडाऊनमंदी बॅटरी उतरतच नाई?" एकदा सुखीबाईनंच विचारलं होतं.

"उतरते, उलीशी. बांधला बैल काय श्वास घेत नाई काय व, काकी? पण एक ध्यानात ठेव. झाकण लावलं म्हणजे बंद नाई."

हे वाक्य त्याचं आवडतं. बोट वर करून म्हणायचा.

सुखीबाई त्याच्या मेलेल्या काकाची बायको. पोरगा देवीलाल पुण्याकडे बांधकामावर गेला, तो सणावारीही येत नव्हता. कधीमधी संध्याकाळी काम आटोपलं की धनसिंग तिला लॅपटॉपवर देवीलाल दाखवी. ती पडद्याच्या अगदी जवळ जाई आणि बोलायचं सोडून नुसती पाही. पोरगा तिकडून आईला ओरडे, "याडी, मांगं सरक, तुह्यं कपाळच दिसून राह्यलं!" तर ही आणखी जवळ जाई. धनसिंगला ते ठाऊक होतं. म्हणूनच ओट्यावर बोलताना ते नेमकं त्याच्या तोंडात आलं.

त्या सकाळी लॅपटॉप मेलेला. भावसिंगसकट सगळे कागद काखेत मारून परत गेले. धनसिंग फणफणत गाडीवर बसला आणि आर्णी गाठली. बसस्टँडजवळच्या हॉटेलात त्याची ठरलेली जागा होती, भजीच्या कढईमागं एक सॉकेट. चहा सांगितला, वायर खुपसली. जराशानं बटण दाबलं.

यंत्र हळू उठलं. नेहमीपेक्षा हळू. आणि उठलं ते कोरं उठलं नाही.

समोर भावसिंगची नोंदणी उघडी होती. नाव भरलेलं. बापाच्या नावाच्या रकान्यात 'धाव' एवढंच लिहिलेलं, आणि त्याच्यापुढं उभी रेघ लुकलुकत होती. 'जी' राहिला होता. बाकी खिडकी एक उघडी नाही. देवीलालला लावलेला फोन नाही, काही नाही.

चहा आला. धनसिंगनं उचलला नाही.

खांडेनवमीची दुपार त्याला आठवली. भावसिंगची नोंदणी चालू, नेट रडत होतं, आणि आतून संगीतानं, त्याच्या बायकोनं, आवाज दिला होता, "पूजा मांडली व्हो! विळा आला, वखराची लोखंडी पास आली, तुमचंवालं कुठं हाय?" भरलेलं जाऊ नये म्हणून त्यानं नुसतं झाकण लावलं. आल्यावर पूर्ण करू म्हणाला. पाटावर विळ्याशेजारी, मागच्या कापसाच्या ढिगाला टेकवून लॅपटॉप ठेवला, संगीतानं हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. आणि एकदा अवजार पूजेत ठेवलं की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्याला हात नाही. बापापासूनची रीत. तेव्हा मनात एकदा आलंही होतं की उठून नीट बंद करावा. पण घासूनपुसून पूजेला मांडलेलं पोटाचं यंत्र, त्याला मढ्यासारखं गार करून ठेवावं हे त्याच्या जिवाला पटलं नाही. जागं राहू दे, म्हणाला. देवीला दिसू दे.

बैल जू मानेवर घेऊन सणभर उभा राहिला. वैरण सरत आली तेव्हा तास ध्यानात ठेवून आपला आपण बसला. आणि आता बरोबर त्याच तासावर येऊन मालकाच्या तोंडाकडे पाहत होता.

गरम लागलं ते खरंच होतं. कापसाच्या ढिगाला टेकलेलं गरम यंत्र म्हातारीनं सरकवलं. घर जळू नये म्हणून सरकवलं. आणि त्यानं तेच धरून तिला झोडपलं होतं.

"धनसिंगभाऊ, चहाले साय आली," हॉटेलवाला म्हणाला.

धनसिंगनं साय बोटानं काढली, कपाच्या कडेला पुसली आणि गार चहा प्यायला. कान तापले होते. कोणी त्याला काही म्हणालं नव्हतं, हॉटेलात कोणाला काही ठाऊकही नव्हतं, तरी त्यानं पडदा भिंतीकडे वळवला.

परतताना भावसिंग वाटेतच भेटला, बैलांना पाण्यावर नेत होता.

"भरली काय बॅटरी?"

"हाव."

"बुढीनंच उघडला होता नं?"

इथं बोलायचं होतं. तोंड उघडलंही. पण मागून आणखी दोघं येत होते, आणि त्यांच्यातल्या एकाला मागच्याच आठवड्यात धनसिंगनं बोट वर करून झाकणाचं व्याख्यान दिलं होतं. "हं," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली. ते 'हं' घरापर्यंत त्याच्या मागच्या सीटवर बसून आलं.

घरी संगीता कापसातली कवडी, अळीनं खाल्लेला कापूस, वेगळी करत होती. मान वर न करता म्हणाली, "काकी आज वांग्याची भाजी घेऊन नाई आली."

"मंग?"

"मंग काई नाई. सांगून राह्यली."

धनसिंग उंबऱ्यात उभा राहिला. मग म्हणाला, "तिनं नव्हता उघडला."

संगीताचे हात थांबले. "मले ठाऊक हाय. मी घरातच होती. तिनं फडक्यानं धरून सरकवला."

"मंग सकाळी बोलली काहून नाई तू?"

"तुमी बोलू देता काय कोणाले?"

तो तसाच शेजारी गेला. सुखीबाई अंगणात शेळीला पाला टाकत होती. धनसिंग खांबाला टेकला, खांबाची साल नखानं काढत राहिला.

"काकी, थे... माह्याकूनच राह्यलं होतं. मीच बंद केला नव्हता."

सुखीबाईनं पाला टाकला. फांदी झटकली.

"चुकलं माह्यं," तो म्हणाला.

"सकाळी बोल्ला तवा ओटा भरला होता," सुखीबाई म्हणाली. "आता कोण हाय इथं? मी अन् ही शेळी. शेळीनं मले चोर म्हटलं नव्हतं."

"लोकायसमोर सांगू?"

"मी काहून सांगू तुले काय कराचं थे? तू तं मास्तर हाय." ती आत गेली. दार लावलं नाही, पण त्याला आतही बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओटा पुन्हा भरला. शेजारच्या तांड्यावरूनही माणसं आली होती. माठावर तांब्या पालथाच होता. ज्याला तहान लागे तो स्वतः उठून घेई, आणि माठाभोवती ओलं करून ठेवी. धनसिंगनं लॅपटॉप पुढं ओढला, झाकण उघडलं, परत लावलं. मिशीवरून हात फिरवायला गेला आणि मधेच हात खाली घेतला.

"एक सांगाचं हाय," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला. "काकीनं काई केलं नव्हतं. लॅपटॉप मीच नुसता झाकला होता. बंद नाई केला. स्लीपमंदी राह्यला सणभर, बॅटरी पिऊन गेला. काल मले आर्णीतच समजलं. अन् भावसिंग, तुले मी वाटेत 'हं' म्हटलं, थे खोटं होतं."

मग कोपऱ्यातून एकानं बोट वर केलं आणि हुबेहूब त्याच्याच सुरात म्हटलं, "झाकण लावलं म्हणजे..."

"बंद नाई!" अख्खा ओटा ओरडला.

हसता हसता भावसिंगला ठसका लागला. "मास्तरच नापास झाला लेको! आता आमाले कोण शिकवते?"

धनसिंग हसला नाही. मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. त्यांचं हसणं त्याला परवडलं असतं, पण नजर सारखी शेजारच्या अंगणाकडे जात होती. सुखीबाई तिथं कापसाची गाठोडी बांधत होती. सगळं ऐकू जाईल एवढंच अंतर. तिनं गाठ मारली, दातानं सुतळी तोडली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि ओट्यापुढून निघाली.

"काकी," तो म्हणाला, "संध्याकाळी देवीलालले लावू काय?"

ती चालता चालता थांबली.

"त्याचा नंबर माह्या मोबाईलवर हाय," ती म्हणाली. "आवाज येते त्याचा. थेवढा पुरते मले."

आणि गेली. तांब्याकडे तिनं पाहिलंही नाही.

धनसिंग उठला. माठावरचा तांब्या त्यानं सुलटा केला, भरला आणि पहिल्या माणसापासून पाणी द्यायला लागला. कोणी पाणी घेतलं, कोणी नको म्हटलं. मग येऊन मांडी घातली, झाकण उघडलं. उभी रेघ अजून तिथंच लुकलुकत होती. त्यानं 'धाव'पुढं 'जी' लिहिला.

"भावसिंग, सातबारा काढ," तो म्हणाला. "अन् बाकीचे, आपापले आधार हातात धरून बसा. बॅटरी जाते."