माझ्या डोक्याची टेस्ट सिरीज

लोह्याच्या अलीकडं एका गतिरोधकावर मी मोटारसायकलवरून मागं पडले, तेव्हा हेल्मेट नवऱ्याच्या कोपराला अडकवलेलं होतं. त्यामुळं कोपर शाबूत राहिलं. डोकं माझं फुटलं. नांदेडला माहेरी जाऊन आम्ही लातूरला परतत होतो, असं मला नंतर सांगण्यात आलं. तेवढंच विसरले असते तर नशीब म्हटलं असतं. पण अपघाताच्या आधीची काही वर्षंच पुसली गेली. माझ्या डोक्यातली लेक अजून रांगत होती, आणि खाटेशेजारी दप्तर अडकवून उभी असलेली दुसरीतली पोर मला आई म्हणत होती. तिचं मधलं लहानपण मला परत पाहिजे होतं. बाकी काही आलं न्हाई तरी माझी तक्रार नव्हती.

नांदेडच्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं, विश्रांती द्या, प्रश्न विचारून छळू नका. पण बघायला येणाऱ्यांना कोण आवरणार? मोसंबीची पिशवी खाली टेकायच्या आधी तोंड पुढं, "मला वळखलं का?" वळखलं, की लगेच शेजारच्याला ढकलायचं, "आन् ह्यांना?" मी काय नंदीबैल हाय का, जो येईल त्याच्यापुढं मान हलवायला! सासूबाईंचं आणखी निराळं. त्यांच्या लेखी डोक्याला मार म्हणजे त्र्याण्णवच्या भूकंपात लागलेला, बाकी सगळे नखरे. "आमच्या गावातल्या एकीवर घराचं आख्खं मातीचं माळवद पडलं होतं माय, ती पंधरवड्यात खुरपायला गेली. तुला तर नुसते टाके." त्या बाईला नंतर लेकरांची नावं सांगता येत होती का, हे विचारायचं कुणाला सुचलं नसावं. खुरपता येत होतं, झालं.

नवरा आणि मी एकाच कोचिंग क्लासमध्ये शिकवायचो, तो फिजिक्स, मी केमिस्ट्री. लातुरात माणूस आजारी पडला तरी त्याचा सिलॅबस काढतात. नवरा म्हणाला, "रोज टेस्ट घेऊ. रिव्हिजनशिवाय काय टिकतंय?" झालं, चहाच्या आधी टेस्ट सुरू. प्रश्न आमच्या संसाराचे, आणि प्रत्येकाला चार पर्याय. चुकलं की निगेटिव्ह मार्किंग, म्हणजे दिवसभर मोबाइल बंद.

"पोरीला पहिल्या दिवशी शाळेत कुणी सोडलं? ए, मी. बी, तू. सी, माझी आई. डी, यापैकी न्हाई."

ह्या माणसाची सकाळची बॅच कधी चुकलेली न्हाई, ए उडाला. सासूबाईंचे गुडघे गेटापर्यंत जात न्हाईत, सी उडाला. 'यापैकी न्हाई' हे पेपर काढणाऱ्याच्या आळसाचं लक्षण. उरला बी. बरोब्बर! पोरांना मी आयुष्यभर हेच शिकवलं होतं, उत्तर येत नसलं तरी चालतंय, चुकीचं उडवता आलं पाहिजे. डोक्यातून लेक गेली आणि ही मेली विद्या जशीच्या तशी राहिली.

"अहो, मला काही आठवत न्हाई," मी सांगितलं, "मी नुसतं ताडून राहिले."

"ताडता येतंय म्हणजे कन्सेप्ट क्लिअर हाय," तो म्हणाला. असल्या माणसाच्या हातात लोक आपली पोरं देतात!

माझे मार्क वाढत गेले. एका रविवारी मला पैकीच्या पैकी पडले आणि ह्यानं पेढे आणले. मोबाइलवर माझा फोटो टाकला, 'पूर्ण बरी'. सासूबाईंनी देवापुढं पेढा ठेवला, शेजारपाजारी वाटले. मी दुसऱ्या दिवसापासून क्लासवर जायचं, हेही परस्पर ठरून गेलं. मला विचारायचं कारणच नव्हतं, मी पास झाले होते.

लेक माझ्यासमोर येऊन बसली. हातात पेढा, अजून खाल्लेला नव्हता. म्हणाली, "आई, मी झोपत नव्हते तवा तू मला काय म्हणून झोपवायचीस?"

मी डोकं पिळलं. खरंच पिळलं. टाक्यांची जागा ठणकायला लागली, पण आत काही म्हणता काही हललं न्हाई.

"थांब, ऑप्शन देतो," नवरा पुढं सरसावला. "ए..."

"पप्पा, नका देऊ," ती म्हणाली. "तिला येतंय."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला रडू फुटलं, आणि ते बघून सासूबाई म्हणाल्या, आनंदानं रडून राहिली, रडू द्या.

लेकीनं पेढा परत डब्यात ठेवला, झाकण लावलं. सासूबाई म्हणाल्या, "खा की गं, का ठेवलास?"

"आई आल्यावर खाते," ती म्हणाली.