इरल्याखालचा चिखल्या

इरलं पावसाळा सोडून कधीही पाठीवर घेऊ नये, ही गोष्ट मला सत्तरी उलटल्यावर कळली. त्या इरल्यापायी कळंबच्या अलीकडे माझ्या सासुरवाडीत जे घडलं, ते आजवर ज्याने त्याने आपापल्या सोयीने सांगितलं. मला कुणी विचारलंच नाही. (का, ते पुढे कळेल!) पण मनावर ओझं आहे, म्हणून आता सांगतो.

निवृत्तीनंतर मला पक्ष्यांचे फोटो काढण्याचा नाद लागला. नेरळला आमच्या खिडकीसमोर कबुतरांखेरीज कुणी बसत नाही, आणि कबुतरांचा फोटो काढायला कॅमेरा कशाला हवा? पण हिवाळ्यात सासुरवाडीकडे कालव्याचं पाणी सुटतं, उन्हाळी भातासाठी शेतं चिखलून ठेवतात आणि त्या चिखलात चिखल्या येतो. चिमणीहून जरासा मोठा, गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळी कडा. तुरुतुरु धावतो, थबकतो, एक पाय चिखलावर थरथरवतो आणि वर आलेला किडा मटकावतो! तो थरथरणारा पाय मला टिपायचा होता. अडचण एकच. गावकऱ्यांच्या गलक्यालाही तो बुजत नाही, पण मी बांधावर दिसलो रे दिसलो, की चिखल्या शेजारच्या शेतात.

त्या दिवशी पहाटे मेव्हण्याच्या अंगणात दात घासताना समोर हिराजीच्या गोठ्याला टांगलेलं इरलं दिसलं. बांबू आणि पानांचं, पालथ्या होडीसारखं, जुनं. आता सगळे प्लॅस्टिक पांघरून लावणी करतात, गावात इरलं एवढंच उरलेलं. मला वाटलं, याच्याखाली लपलो तर पक्ष्यांचा बापही ओळखणार नाही. हिराजी म्हणजे मेव्हण्याचा, बाळारामचा, चुलतभाऊ. दोघांचं बांधावरून वर्षभर बोलणं बंद. म्हटलं, उठवायचं कशाला, न्याहारीच्या आत परत टांगू! बायकोला, सुमनला, "फिरून येतो" एवढंच सांगितलं आणि कॅमेरा घेऊन बाळारामच्या चिखलून ठेवलेल्या शेतात मधोमध पालथा पडलो. डोकं, पाठ इरल्याखाली. पाय चिखलात बुडून चिखलाच्याच रंगाचे झाले.

तासाभराने चिखल्या आला. मी श्वास रोखला. तो जवळ, आणखी जवळ... आणि बांधावर आवाज आला.

"ह्ये काय रं शेतात?"

बाळाराम! मागून त्याची बायको, डोक्यावर मोड आलेल्या भाताची ओली गोणी. ते बियाणं त्याच दिवशी चिखलात फेकून पेरायचं होतं. एक दिवस उशीर झाला, तर कोंब लांबतात, एकमेकांत गुंततात, आणि मग गोणीभर बियाणं जनावरांपुढे टाकायचं. हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, एकच फोटो. मग उठतो.

"हिराजीचं इरलं हाय ह्ये!" बाळाराम गरजला. "बांध सरकवून पोट नाय भरलं, आता शेताच्या मधी खूण ठेवतो काय? हिराजी! ये हिराजी!"

आता उठावं, असं मी ठरवलं. तेवढ्यात चिखल्याने पाय उचलला. (तुम्हीच सांगा!)

हिराजी धावत आला. "माजं इरलं? चोरलंस तू बाळ्या! सकाळपासनं हुडकतोय मी!"

"मी चोरून माज्याच शेतात ठेवीन? येडा हायस का रं?"

"तुजा काय भरवसा!"

"तू नाय ठेवलंस ना? मग जा, उचल."

"शेत तुजं हाय, तू उचल."

"इरलं तुजं हाय, तू उचल!"

दोघेही बांधावरून हलेनात. एव्हाना अर्धा गाव जमला. मला उजव्या पायात पेटका आला आणि इरलं जरासं हललं.

"हाललं रं हाललं!" एक म्हातारी किंचाळली. "करणी केलीय कुणीतरी!"

झालं! आता बाळाराम शेतात पाऊल टाकेना आणि हिराजी "मी करणी करीन? मी?" म्हणत त्याच्या गळपट्टीला हात घालू लागला. बाळारामची बायको रडकुंडीला आली. "आवो, बियाणं तापतंय गोणीत! भांडा नंतर!" मी इरल्याखाली घामाघूम. आधी फोटोसाठी उठलो नव्हतो, आता लाजेने उठवेना. एवढं सगळं ऐकल्यावर वर येऊन बोलायचं तरी काय? नमस्कार?

शेवटी हिराजीने ढेकूळ उचललं. "करणी हाय का काय, बघतोच आता!"

ढेकूळ थेट माझ्या कमरेवर. चिखल्या उडाला, मी "आई गं!" करत इरल्यासकट उभा राहिलो. चिखलाने थबथबलेलं, काळं, दोन पायांचं इरलं! म्हातारी पळाली, गाव पळाला, हिराजी उलटा कालव्याच्या पाटात पडला आणि बाळाराम त्याच्या अंगावर. वर्षभर न बोललेले दोघे एकमेकांना घट्ट मिठी मारून ओरडत होते.

पळाली नाही ती फक्त सुमन. आवाज ऐकून ती नुकती बांधावर येऊन पोचली होती.

"अहो," ती म्हणाली, "घड्याळ तरी काढून ठेवायचं!"

मग सगळे परतले. बाळारामने पाटातून वर येऊन माझ्याकडे बघितलं. "भावोजी, आमी इतकं बोंबलत होतो. तुमाला ऐकू नाय आलं?"

मी कॅमेऱ्यावरचा चिखल पुसू लागलो. आणि सुमनने माझी अब्रू वाचवली. (तिच्या मते.)

"त्यांना हल्ली ऐकू कमी येतं रं," ती म्हणाली.

"अरारा!" हिराजी कळवळला. "आन् मी ढेकूळ मारलं बहिऱ्या मानसाला!"

सगळ्यांचा राग एका क्षणात विरघळला. ऊन उतरायच्या आत दोघा भावांनी मिळून बियाणं फेकलं. कोंब जरा लांबले होते, पण रोपं उगवली. दोघांचं बोलणं सुरू झालं. विषय एकच, माझे कान!

तेव्हापासून सासुरवाडीला मी बहिरा आहे. सगळे माझ्याशी ओरडून बोलतात आणि माझ्याविषयी माझ्यासमोरच हळू बोलतात. "भावोजी मानूस चांगला, पर जेवतो किती बघ," हे मी चटणी वाढून घेताना ऐकलं. मुलाने कानाचं महागडं यंत्र आणलं. ते लावलं की सगळं इतकं मोठ्याने ऐकू येतं की डोकं दुखतं, म्हणून मी ते काढतो. काढलं की सुमन सर्वांना सांगते, "बघा, ऐकतच नाहीत!"

गेल्या आठवड्यात मात्र मन घट्ट केलं आणि कळंबची वाट धरली. बाळाराम आणि हिराजी ओटीवर शेजारी शेजारी बसले होते. मी यंत्र काढून समोर ठेवलं आणि म्हणालो, "त्या दिवशी मला सगळं ऐकू येत होतं. एकेक शब्द. मी मुद्दाम उठलो नाही. माझे कान ठणठणीत आहेत!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हिराजीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाळाराम उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोंड माझ्या कानाशी आणलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला:

"व्हय भावोजी! जेवाण तयार हाय! चला, पानं मांडलीत!"

मी जेवलो. काय करणार? वर, चटणी दोनदा मागून घेतली!