कडा नव्हे, दरड!

डोंगरातल्या बचाव पथकाच्या कचेरीत फोन आणि वायरलेस सांभाळणारी ताई स्वतः कधी डोंगर चढली नव्हती. उंचावरून खाली पाहिलं की तिला गरगरायचं. पण थोरला भाऊ पथकाचा म्होरक्या, त्यामुळे घरात जेवताना दुसरा विषय नसे. तिने सगळ्यालाच 'कडा' म्हटलं, की हातातला घास तसाच धरून तो चवताळायचा, "अगं, उभा तुटलेला तो कडा. एकटाच आभाळात घुसलेला तो सुळका. आणि हात लावताच ढासळते ती दरड!" वहिनी कपाळाला हात लावायची. ताईला मात्र सगळं तोंडपाठ झालं होतं.

त्या दुपारी डोंगरावर धुकं उतरलं आणि फोन खणखणला. एक मुलगी रडत होती. "आम्ही कड्यावर अडकलोय! बाबांचा पाय मोडलाय!"

पथक लगोलग निघालं. ताईने मुलीला फोनवर बोलतं ठेवलं. अखेर वायरलेसवर दादा बोलला, "माथ्यावर पोचलो. खालून हाका येतायत. दोर सोडतो."

तेवढ्यात मुलगी किंचाळली, "वरून दगड येतायत!"

ताईने घाईने विचारलं, "बाळा, खडकाला हात लाव. घट्ट आहे?"

"नाही हो, मातीच हातात येतेय!"

ताई खुर्चीतून ताडकन उठली. "दादा, थांब! कडा नाही, दरड आहे ती! सगळी त्यांच्या अंगावर येईल!"

नुसती खरखर. मग आवाज आला, "थांबलो. आजूबाजूला काय दिसतं, विचार."

"डावीकडे एक अरुंद घळ आहे," मुलगी म्हणाली. "पलीकडे एकच उंच खडक, बोटासारखा."

"सुळका!" ताई ओरडलीच. "दादा, सुळक्याशेजारच्या घळीतून ये!"

"कळली जागा! निघालो!"

मग ताई येरझारा घालत मुलीशी बोलत राहिली, शाळेबद्दल, मैत्रिणींबद्दल, सुचेल ते. घसा पार बसला. एकदम फोनमध्ये गलका झाला, दादाचा दणदणीत आवाज, आणि मुलगी हसत-रडत म्हणाली, "आले! ते आले!"

ताईने टाळ्या पिटल्या, टेबलावरचा चहा सांडला, तो तसाच टाकून तिने घरी फोन लावला.

"आई, दोघंही सुखरूप! दादाने काढलं त्यांना!"

"बरं झालं गं बाई," आई म्हणाली. "पण तो सकाळपासून काही जेवलाय का?"