हॉलमधला हौद

सकाळी साडेसातला सागरचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "आत्या, पप्पा गेले," एवढंच तो म्हणाला. मी कधी, कसं, असं काहीबाही विचारलं. त्याने "पहाटे, घरीच" असं सांगितलं. फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "माशांना कालपासून कुणी काही घातलेलं नाही. किती घालायचं ते पप्पांनाच माहीत होतं..." मला त्या क्षणी त्याचा राग आला. बाप गेलाय आणि ह्याला माशांचं सुचतंय! सांगलीच्या एसटीत बसले, उंब्रज मागे पडलं, आमच्या गावाकडे वळणारा रस्ता खिडकीतून दिसला, आणि तेव्हा कुठे कळलं, की त्या पोराला दुसरं काही बोलताच येत नव्हतं.

दिनकरदादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. घरचा ऊस होता, पण भाऊबंदांत वाटण्या होऊन राहिलेलं रान कुणा एकाचंच पोट भरेल इतकं. अठराव्या वर्षी तो फौजेत गेला. बंदूक हातात धरून काढलेला त्याचा एक फोटो आहे, पण नोकरी सगळी वर्कशॉपमध्ये झाली. नदी ओलांडायला फौज ज्या फायबरच्या होड्या वापरते त्या दुरुस्त करायच्या, फाटलेल्या जागी काचेच्या धाग्यांची चटई बसवायची, वर रेझिनचं चिकट, सुकून कडक होणारं रसायन फिरवायचं, घासून गुळगुळीत करायचं... चोवीस वर्षं हेच. वर्षातून दोन महिने घरी यायचा. वहिनींनी सागरच्या शिक्षणासाठी सांगलीत विश्रामबागेत घर केलं होतं. नोकरी संपवून दादा त्या घरात आला तेव्हा सागर सोळा वर्षांचा होता, आणि बाप हा त्याच्या लेखी सुट्टीत येणारा पाहुणा होता. तो दादाला हाकच मारत नसे. काही हवं असलं तर "ऐका" म्हणायचा, नाहीतर आईकडून निरोप. दादाही चुकला. पोराशी कसं बोलावं हे ठाऊक नसल्यामुळे तो हुकूम सोडायचा. भांडी अशी का ठेवली, चपला तशा का काढल्या... वहिनी मला फोनवर म्हणायच्या, "वन्सं, घरात दोघं हायत, पण मला एकटीलाच बोलावं लागतंय."

सागरला माशांचा नाद होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षात त्याने पुण्याहून दोन स्टिंगरे आणले. नदीच्या गोड्या पाण्यातले चपटे, गोल मासे, तळहाताएवढे, अंगावर पिवळसर ठिपके आणि मागे चाबकासारखी शेपटी. दादाने टाकीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "आयला, ह्या तर भाकऱ्याच की!" सागर हसला. वहिनींनी मला हे दोनदा सांगितलं, की तो हसला.

त्या भाकऱ्या वाढत गेल्या. दीड-दोन वर्षांत ताटाएवढ्या झाल्या, काचेच्या टाकीत वळायला जागा उरली नाही, कडा काचेला घासून फाटू लागल्या. सागरने मनाविरुद्ध त्या परत द्यायचं ठरवलं. तेव्हा दादा पहिल्यांदा हुकूम न सोडता बोलला. "हौद करू या. फायबरचा. मला दुसरं काय येतंय?"

हौद बसेल एवढी जागा हॉलमध्येच होती. सोफा वरच्या मजल्यावर भाडेकरूंकडे ठेवला, शोकेस भिंतीवरून उतरवलं. लाकडाची चौकट, प्लायवूड, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट खोल. ह्या माशांना खोल पाण्यापेक्षा पसरट जागा लागते, हे सागरने बापाला सांगितलं. कोपरे सगळे गोल हवेत, हेही. दादाने ते एखाद्या साहेबाचं ऐकावं तसं ऐकलं. रेझिनचा वास असा की डोळ्यांतून पाणी यायचं. वहिनी पंधरा दिवस माझ्याकडे साताऱ्याला येऊन राहिल्या. रोज संध्याकाळी फोन लावून विचारायच्या, "भांडलासा काय?" आणि पलीकडून दादा म्हणायचा, "अजून न्हाई."

सहाव्या दिवशी मात्र भांडले. एका बाजूचं रेझिन सुकलंच नाही, हात लावला की चिकटायचं. रेझिन सुकवणारं हार्डनर सागरने मिसळलं होतं. दादा वर्कशॉपमधल्या रंगरुटावर ओरडावं तसा ओरडला आणि सागर घर सोडून मित्राच्या खोलीवर गेला. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन सांगलीला गेले तर दादा एकटाच गुडघ्यांवर बसून ती चिकट बाजू पत्र्याने खरवडत होता. मी म्हटलं, "पोराची चूक झाली तर एवढं काय तोडून बोलायचं?"

तो खरवडत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "त्याची न्हाई गं चूक. थंडी पडलीया. थंडीत हार्डनर जास्त लागतंय, ते मी त्याला सांगितलंच न्हाई. ओरडल्यावर ध्यानात आलं."

"मग हे त्याला सांग की."

"कसं सांगायचं?" चोवीस वर्षं फौजेत काढलेला माझा भाऊ मला विचारत होता. मी म्हटलं, मला सांगितलंस तसंच सांग.

तो त्याच कपड्यांत, रेझिनने कडक झालेल्या हातांनी, मित्राच्या खोलीवर गेला. तिथे काय बोलणं झालं हे मला दोघांनीही कधी सांगितलं नाही. दोघे एका स्कूटरवर परत आले आणि चहा न घेता कामाला लागले. त्या दिवशीची एक गोष्ट मी पाहिली होती आणि तेव्हा तिच्याकडे लक्ष दिलं नाही, ह्याचा आज मला त्रास होतो. दुकानात रेझिनच्या कामाचा चांगला मास्क एकच मिळाला होता, दुसरा मागवला होता. तो एक सागरच्या तोंडावर होता. दादाने रुमाल बांधला होता. दुसरा मास्क आला तो काम संपल्यावर.

मासे त्यात लगेच सोडता आले नाहीत. पाणी भरायचं, वास जाईपर्यंत ठेवायचं, सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं, असे कितीतरी दिवस गेले. ज्या दिवशी सोडले त्या दिवशी मी तिथे होते. थोडा वेळ दोन्ही तळाशी निपचित पडून राहिले. मग मादी उठली आणि कडा हलवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता गेली. सागर म्हणाला, "पप्पा, बघा, बघा!" दादाने बघितलं नाही. तो सागरकडे बघत होता.

शिक्षण संपल्यावर सागरला पुण्यात नोकरी लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एवढं पाणी नेणं शक्यच नव्हतं. दादा म्हणाला, तू जा, मी हाय. रोजचं चारा-पाणी, पाणी बदलणं, सगळं त्याने अंगावर घेतलं आणि रोज सागरला फोन करून माशांचा अहवाल द्यायचा. बाप-लेक दोघांनाही बोलायला तेवढा विषय पुरत असे. एकदा साफसफाई करताना मादीने शेपटीचा विषारी काटा मारला. मी गेले तर दादा गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसलेला, चेहरा काळाठिक्कर. पहिलं वाक्य काय, तर "सागरला सांगू नगंस. म्हणंल, देऊन टाका."

मग खोकला सुरू झाला. आधी जिना चढताना दम लागायचा, नंतर बोलताना. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं आखडत चालली आहेत, औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही. सागरने विचारलं, रेझिनमुळे का? डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं त्या धुळीत काम केलंय, विडीही होती, एका कारणावर बोट ठेवता येत नाही. सागरने मात्र ठेवलं. दवाखान्यात माझ्यासमोर तो बापाला म्हणाला, "तो मास्क तुम्ही लावायला पाहिजे होता, पप्पा."

दादाने नाकावरची ऑक्सिजनची नळी जरा बाजूला केली. "आरं, चोवीस वर्सं ते काम केलं, तवा कवा मास्क मागितला न्हाई. तुझा काय संबंध?" त्याला धाप लागली. मी थांब म्हटलं, तो थांबला नाही. "त्या पंधरा दिसांत तू मला पप्पा म्हणाय लागलास. माझ्या ध्यानात तेवढंच हाय... तूबी तेवढंच ठेव."

सागरने मान हलवली. पण ते त्याला ठेवता आलेलं नाही, हे मला दिसतं.

दादा गेल्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी पुण्याहून मासे पाळणारे एक गृहस्थ येऊन दोन्ही मासे घेऊन गेले. वहिनींच्या गुडघ्यांना वाकणं जमत नाही आणि शेपटीच्या काट्याची भीती. दुसरा इलाज नव्हता. मादी पिशवीत जाईना. सागरने बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि तिला हळूहळू कडेला आणलं. हौद तेवढा राहिला. तो खोलीतच बांधलेला, दारातून बाहेर निघत नाही. काढायचा तर कापावा लागेल. सागरने कापणारा माणूस ठरवला, वारही ठरला. त्या दिवशी वहिनी त्या माणसाला दारातच म्हणाल्या, "आज नगं. पुन्यांदा बघू."

परवाच्या रविवारी मी गेले होते. हॉलमध्ये अजून सोफा नाही, भिंतीवर शोकेस नाही. हौदात पाणी आहे, स्वच्छ, तळ दिसणारं, आणि पंप चालू आहे. मी विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "बंद करून बघितला वन्सं, घर लय गप होतंय." सागरही पुण्याहून आला होता. तो मागच्या अंगणात नळाखाली उकिडवा बसून फिल्टरचे स्पंज धूत होता. एकेक पिळायचा, उजेडाकडे धरून बघायचा, पुन्हा नळाखाली धरायचा. त्यांत घाण काहीच नव्हती, पिळलं तरी पाणी स्वच्छच निघत होतं. वहिनींनी दारात उभं राहून एकदा पाहिलं आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.