बोट तेच, पोट तेच

कांबळेबाई पोट दोनदा दाबायच्या. एकदा सांगून आणि एकदा न सांगता. जोगेश्वरी पूर्वेला आमच्या बिल्डिंगखाली त्यांचा दवाखाना. बाई मूळच्या अकोल्याकडच्या, आवाज असा खणखणीत की आपला आजार समोरच्या पानवाल्यालाही कळावा.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी पुरती वाट लागली होती. वडील पोटाच्या कॅन्सरने गेले आणि वर्षाच्या आत मलाही नेमकं तिथेच दुखायला लागलं. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, सगळं नॉर्मल. दुखणं मात्र जागचं हलेना. बायको, सुप्रिया, म्हणाली, "मनाचे खेळ आहेत रे तुझे." असा राग आला! कळा मी सोसतोय आणि खेळ म्हणे.

बाईंनी मला टेबलावर आडवं केलं, बेंबीच्या वर बोटं टेकवली. "आता दाबते हं. दुखेल." मी जोरात ओरडलो. हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "काय रे, तुम्ही मालवणी लोक बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं अख्खी घालता की ठेचून?"

"अख्खी? छे! आधी बिया काढायच्या, मग जराशी ठेचायची..." मी सुरूच झालो. आईची पद्धत, मावशीची पद्धत, मावशीचं दर वेळी काय चुकतं, सगळं.

"झालं," बाई म्हणाल्या. "केव्हाची तिथेच दाबतेय. बोट तेच, पोट तेच. मग मघाशी का बोंबललास?"

मी चाटच पडलो. म्हणजे माझं दुखणं खोटं की काय? तसं विचारलं तर बाई उखडल्या. "खोटं कोण म्हणालं? दुखतं ते दुखतंच. पण भीतीने तुझ्या पोटाचे कान टवकारलेत. साधा गॅस सरकला तरी त्याला बॉम्ब फुटल्यासारखा ऐकू येतो." मग सुप्रियाला आत बोलावून तिचीही हजेरी घेतली. "याला खरंच दुखतंय. आणि रिलॅक्स हो, रिलॅक्स हो करू नकोस. असं म्हटल्याने आजवर कोण रिलॅक्स झालंय?"

गोळ्या दिल्या, रोज चालायला लावलं. दुखणं काही एका दिवसात पळालं नाही. पण कळ आली की वडिलांचा तो शेवटचा चेहरा समोर यायचा, तो हळूहळू यायचा थांबला. पुढे सर्दी झाली तरी बाई तिरफळांचा विषय काढायच्या.

गेल्या वर्षी बाईंनाच पोटाचं दुखणं लागलं आणि अंधेरीच्या एका हॉस्पिटलात ठेवलं. त्यातून त्या उठल्या नाहीत. पण एका दुपारी मी भेटायला गेलो, तेव्हाचं सांगतो.

तपासायला एक तरुण डॉक्टर आला. "मॅडम, रिलॅक्स." बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की हसूच आलं. पण त्यांनी मुठीत चादर गच्च धरली होती. बाईंना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

घाईघाईने म्हणालो, "बाई, तिरफळं अख्खी की ठेचून?"

"मला काय माहीत! जन्मात मासा खाल्ला नाही मी."

"मग इतकी वर्षं विचारत होता ते?"

"तुम्हा मालवण्यांना दुसरं काय विचारायचं, बापा?"

एवढ्या वर्षांत मी बाईंना त्यांचं असं काहीच विचारलं नव्हतं. तिकडचं मला एकच ठाऊक होतं. "बाई, तुमच्या गावाला हुरडा कसा भाजतात हो?"

"काहून? तुले येते का?" बाईंची बोलीच पालटली. "गोवऱ्यांची आगटी पेटवायची. कणसं आरात खुपसायची. माहा बाप तळहातावर चोळून द्यायचा, म्हणे, पोरी, फुंकून खाय..."

डॉक्टरने इथे दाबलं, तिथे दाबलं, हात काढला, निघूनही गेला. बाई अजून बापाच्या वावरातच होत्या.